एका नावाची दोन पाती

मैलूर, बीदर
९ जुलै २०२४

मामा, नमस्कार.

रविवारी यंत्र तुमच्या शेडमध्ये उतरवलं आणि मी टेम्पोबरोबरच परत फिरले, त्यामुळे निम्मं सांगायचं राहून गेलं. फोनवर सांगायची सोय नाही. तुम्ही "हां, हां" म्हणता, फोन ठेवता आणि मग मामीला विचारता, "काय म्हणाली गं?" एकवीस वर्षं कलबुर्गीच्या दालमिलमध्ये काढल्यावर कानांनी एवढं ऐकलं हेच पुष्कळ. म्हणून पत्र लिहिते. तसंही यंत्राची नोंद असलेला पेनड्राइव्ह शिवय्या कंडक्टरच्या हातून येणारच आहे. त्याच पाकिटात तुमची चिठ्ठी आली की झालं.

काम सोपं आहे. रोज सकाळी हिरवं बटण दाबायचं. यंत्र तुरीच्या दोन ओळींमधून जाईल आणि खालचं पातं फिरून गवत काढेल. तुम्ही बांधावर लाल बटणाचा रिमोट घेऊन उभं राहायचं. काही वावगं दिसलं तर लाल बटण. दिवसभरात काय झालं ते वहीत लिहायचं. तुमचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

तुम्ही विचारलं होतं, याला अक्कल कुठून आली. एकच मोठा प्रोग्रॅम नाही मामा, लहान लहान सात आहेत. एक कॅमेऱ्यातून ओळ बघतो, एक चाकं चालवतो, एक पातं फिरवतो. आमच्या भाषेत त्यांना नोड म्हणतात. प्रत्येकाला नाव द्यावं लागतं, नाहीतर एकमेकांना निरोप द्यायचे कसे? सगळे इंग्रजी नावं देतात. मी आपली मराठी दिली: डोळा, चाक, पातं. आमचे महेशकुमार सर हसले, पण काढा म्हणाले नाहीत. आणि सकाळी या सातांना नावानं हाक मारून उठवायची जी यादी असते, ती लाँच फाईल. हिरवं बटण दाबलं की ती यादी चालते.

आता खरं सांगते. १८ ऑगस्टला निंबर्ग्यात गुरुलिंग म्हणून शेतकरी आहेत, त्यांच्या रानात शेतकरी कंपनीची माणसं बघायला येणार आहेत. माणसाचा हात न लागता एक एकर झालं तर ते सहा यंत्रं घेणार. नाही झालं तर सर हे काम बंद करतील. तीन वर्षं मी याच्यावर घालवली आहेत. बंगळूरला जाणाऱ्या मैत्रिणींना मी इथूनच करून दाखवते म्हणाले होते. मला हे यंत्र हवं आहे मामा, दुसरं काही नको.

मामीला सांगा, पेंडीच्या लाडवांचा डबा रिकामा झाला.

तुमची पल्लवी


मुडबी
१४ जुलै २०२४

पल्लूस मामाचा आशीर्वाद. मामीचा वेगळा, ती म्हणते यांच्यात मिसळू नका.

यंत्र चालतं. पहिल्या दिवशी बांधावर एवढी माणसं जमली की निवडणुकीलाही जमत नाहीत. नाव पडलंय बिगरबैलाचं कोळपं. एकानं विचारलं, "अंबाजी अण्णा, ह्याला कडबा किती लागतोय?" मी म्हटलं, कडबा नाही, पण पल्लवीचा पगार लागतो.

ओळ सोडत नाही, रोपाला धक्का लावत नाही. काम बैलापेक्षा स्वच्छ आहे हे मान्य. पण तुझं यंत्र मरतं. बुधवारी तीनदा, गुरुवारी दोनदा, शनिवारी पाचदा. बहुतेक वेळा पात्यात हराळी किंवा वेल गुंतते, पातं थांबतं, आणि मग सगळंच गप्प उभं राहतं. मग मी जातो, पात्यातली घाण हातानं ओढून काढतो, हिरवं बटण दाबतो, ते पुन्हा चालू लागतं. तुझी मामी भाकरी घेऊन येते तेव्हा हे बघत उभी असते. काल म्हणाली, "म्हातारपणी तुम्हाला बरं खेळणं दिलंय पोरीनं."

एक विचारायचं आहे. दालमिलमध्ये आमचे कल्लप्पा मेस्त्री होते. पट्टा निसटला किंवा जाळी तुंबली तर ते आधी बोर्डावरची फ्यूजची पांढरी किटकॅट उपसून काढायचे आणि आपल्या खिशात टाकायचे. नियम असा, की जो हात घालणार त्याच्याच खिशात किटकॅट. मालक आला, मॅनेजर आला, तरी ती दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. एकवीस वर्षांत आमच्या पाळीत कुणाचं नख गेलं नाही ते यामुळे. तुझ्या यंत्राला उपसून खिशात टाकता येईल असं काही दिसत नाही. काय करावं?

पेनड्राइव्ह आणि पेंडीचा डबा शिवय्याजवळ दिला आहे. डबा आधी पोचेल, कारण त्याला वास आहे आणि शिवय्याला नाक आहे.

तुझा मामा,
अंबाजी


मैलूर, बीदर
१८ जुलै २०२४

मामा,

डबा पोचला, पण भरलेला नव्हता. शिवय्या म्हणतो, "अक्कांनी तेवढाच दिला." मी विश्वास ठेवल्यासारखं केलं.

तुमची वही सोन्यासारखी आहे. शनिवारी पाचदा मेलं हे वाचून झोप उडाली. निंबर्ग्यात एकदा जरी मेलं आणि मला जाऊन बटण दाबावं लागलं तरी 'माणसाचा हात' लागला असं होईल. म्हणून मी उपाय केला आहे. लाँच फाईलमध्ये प्रत्येक नोडच्या नावापुढे एक शब्द लिहिता येतो. तो लिहिला की तो नोड काही कारणानं मेला तर यादी त्याला लगेच परत उठवते. कुणी बटण दाबायला नको. विहिरीवरच्या मोटरीला तुम्ही ऑटो बसवलंय ना, लाईट आली की मोटर आपोआप चालू होते, तसंच. सातही नोडना लावून टाकलं. आता ते मरेल आणि स्वतःच उठेल, तुम्हाला कळणारही नाही. मामीलाही सांगून ठेवा.

किटकॅटचं म्हणाल तर मामा, ती गोष्ट दालमिलची. तिथं पंचवीस घोड्यांची मोटर होती. हे बॅटरीवरचं पोर आहे, आणि लाल बटण तुमच्या हातात आहेच. तुमचे कल्लप्पा मेस्त्री आज असते तर त्यांनीही खिसा शिवून टाकला असता.

रविवारी २१ तारखेला मी येते. दुसरं पातं बसवायचं आहे, उजव्या बाजूचं. मग एका फेरीत दोन्हीकडचं गवत निघेल आणि एकर निम्म्या वेळात होईल. रात्रीची शेवटची गाडी पकडून परत, सोमवारी सरांपुढे बसायचं आहे. मंगळवारपासून तुम्ही दोन्ही पात्यांवर चालवून बघा.

पल्लवी


मुडबी
२५ जुलै २०२४

पल्लूस आशीर्वाद.

पेनड्राइव्ह पाठवत आहे. दुसरं पातं मंगळवारी चालवून पाहिलं. दोन्ही पाती आळीपाळीनं थांबत होती, का ते तू बघ. त्यानंतर रान ओलं झाल्यानं यंत्र शेडमध्येच आहे.

मामीचं बोट विळ्यानं कापलं. घाबरण्यासारखं नाही. पेंडी या वेळी झाली नाही.

तुझ्या निंबर्ग्याच्या कामाला यश येवो. तू मन लावून तेवढंच बघ. इकडे येण्याची धावपळ करू नकोस.

मामा


मैलूर, बीदर
२८ जुलै २०२४

मामा, सापडलं!

आज रविवार असून ऑफिसात एकटी बसले आहे आणि एकटीच हसते आहे. वॉचमन दोनदा डोकावून गेला. ऐका.

पूर्वी पातं एकच होतं, म्हणून त्याचं नाव नुसतं 'पातं'. डावं-उजवं म्हणायची गरज नव्हती. दुसरं बसवताना मी त्याच्यासाठी वेगळी लाँच फाईल केली. वेगळी कसली, डाव्याचीच नक्कल मारली. मोटरचा नंबर बदलला, बाजू बदलली, सगळं बदललं आणि नाव बदलायचं विसरले. म्हणजे दोन्ही पात्यांचं नाव 'पातं'. एकाच फाईलमध्ये ती दोन नावं असती तर यंत्रानं हिरव्या बटणालाच तक्रार केली असती. दोन फाइली असल्यानं कुणी अडवलं नाही.

आणि आमच्याकडे नियम असा आहे, की एका नावाचे दोन नोड नांदत नाहीत. नवा आला की जुन्याला निरोप. एरवी जुना गेला असता आणि प्रकरण मिटलं असतं. पण मी दोघांनाही 'मेलास तर ऊठ' सांगून ठेवलेलं! डावं फिरतंय. उजवं उठतं, बारा सेकंद आपली मोटर तपासतं, मग आपलं नाव सांगतं. त्याबरोबर डावं मरतं. मेलं म्हणून यादी डाव्याला उठवते. तेही बारा सेकंद तपासतं, नाव सांगतं, उजवं मरतं. असं मंगळवारी सकाळी दोघांनी एकमेकांना बत्तीस वेळा मारलं. सख्ख्या जावा एवढ्या भांडत नाहीत.

आता नावं वेगळी केली, 'डावं पातं' आणि 'उजवं पातं'. इथं टेबलावर चार तास चालवलं, एकदाही थांबलं नाही. मामा, १८ तारीख आपली!

फक्त एक जागा कळली नाही. त्याच मंगळवारी १० वाजून ५२ मिनिटांनी डाव्या पात्याच्या मोटरीवर अचानक जोर आलेला दिसतो. बारा सेकंदांनी ते मेलं, परत उठलं, परत जोर आला. मग तुम्ही लाल बटण दाबलं, पण पहिल्या जोरानंतर एकेचाळीस सेकंदांनी. एवढा उशीर कामून केलात? काय अडकलं होतं, खुंट की मोठा दगड? पातं वाकलं असेल तर बदलावं लागेल. वहीत बघून सविस्तर लिहा.

मामीच्या बोटाला हळद लावा म्हणावं, आणि तोवर भाकऱ्या तुम्ही थापा.

पल्लवी


मैलूर, बीदर
४ ऑगस्ट २०२४

मामा,

आठ दिवस झाले, उत्तर नाही.

आज बसस्टँडवर मुद्दाम शिवय्याला गाठलं. पाकीट न्हाई का म्हणून विचारलं. तो म्हणाला, "ताई, अण्णा स्टॉपवर येईनाच झालेत. अक्कांना बसवकल्याणच्या दवाखान्यात न्यायलेत, मलमपट्टीला. दोन बोटं गेली म्हणायलेत गावात. तुम्हाला ठाऊक न्हाई?"

खोलीवर आले आणि मंगळवारची नोंद पुन्हा उघडली. १०:५२. मामी त्या वेळेला भाकरी घेऊन येते. तुरीच्या रानात तेव्हा कुणी विळा घेऊन काय करणार होतं?

मी तुम्हाला विचारलं होतं, खुंट होता की दगड. हसत विचारलं होतं.

मामा, जे झालं ते लिहा. मी पहिल्या गाडीनं निघू शकते, पण तुमच्यासमोर आले की तुम्ही चहा टाकायला सांगाल आणि दुसरंच बोलत बसाल. मला ते कागदावर हवं आहे. तुम्ही वहीत सगळं लिहिता. हे पण लिहा.

पल्लवी


मुडबी
६ ऑगस्ट २०२४

पल्लू,

लिहितो. तीन कागद फाडून हा चौथा घेतला आहे.

मंगळवारी यंत्र सुरू केल्यापासून पाती थांबत होती आणि चालत होती. तुला दाखवण्यासाठी मी मोजत होतो. उजवं नवीन, म्हणून माझं सगळं लक्ष उजव्याकडे. मी यंत्राच्या उजव्या अंगाला, तोंड रस्त्याकडे. रिमोट शर्टाच्या खिशात, कारण हातात वही आणि पेन्सिल होती. तुझी मामी सुमन भाकरी घेऊन डाव्या अंगानं आली. तिला डावं पातं थांबलेलं दिसलं, त्यात वेल गुंतलेली दिसली. पंधरा दिवस तिनं मला बघितलं होतं. थांबलं की हातानं काढायचं. थांबलं म्हणजे मेलं. तू लिहिलं होतंस, आता ते स्वतः उठेल, मामीलाही सांगा. मी सांगितलं नाही. ऑटोवरच्या मोटरीला मी स्वतः कधी हात लावत नाही, पण तिला काय सांगायचं, ती कुठं यंत्राजवळ जाते, असं मनात धरून बसलो.

तिनं हात घातला आणि ते उठलं. पहिल्यांदा करंगळी. बांगडी आत अडकली, हात निघेना. ती ओरडली. तेवढ्यात ते परत मेलं. ती हात सोडवत होती, मला हाका मारत होती. मग ते परत उठलं. तेव्हा शेजारचं बोट.

तिनं हाका मारल्या, पल्लू. मी आठ पावलांवर होतो. वहीत 'उजवं थांबलं' असं लिहीत होतो. मला ऐकू आलं नाही. रस्त्यावरून जाणारा एक माणूस हात हलवत पळत येताना दिसला, मला वाटलं यंत्र बघायला येतोय. त्यानं बोट दाखवलं तेव्हा मी वळलो.

एकेचाळीस सेकंद. तू विचारलंस, एवढा उशीर का. मला आकडा माहीत नव्हता. आता माहीत आहे. पत्र आल्यापासून मी घड्याळ समोर ठेवून एकेचाळीस सेकंद किती असतात ते दोनदा बघितलं. पुष्कळ असतात.

तुला सांगितलं नाही, ते तुझ्या १८ तारखेसाठी, असं मी सुमनला म्हणालो. ती पण व्हय म्हणाली. पण ते पूर्ण खरं नाही. सांगायचं तर ती ओरडत होती आणि मी लिहीत होतो हे सांगावं लागलं असतं. ते माझ्यानं होईना. विळ्याची गोष्ट मीच रचली.

आता माझं एक ऐक. चूक माझी आहे. यंत्राची नाही आणि तुझी तर नाहीच. तू आता नावं नीट केली आहेस. निंबर्ग्यात हे कुणाला सांगू नकोस. तीन वर्षं घालवलीस. आमच्यासाठी ती मातीत घालू नकोस.

अंबाजी


मैलूर, बीदर
२० ऑगस्ट २०२४

मामा आणि मामी,

आठ तारखेला मी आले तेव्हा तुम्ही दोघांनी मला काहीच बोलू दिलं नाही. मामीनं हात पदराखाली ठेवला आणि डाव्या हातानं ताट वाढलं. मी पाचवीपासून दहावीपर्यंत त्या झाकलेल्या उजव्या हातचं जेवले. तो हात बघायला मागायची माझी हिंमत झाली नाही, आणि मी जेवून परत आले. त्या दिवसाची मला लाज वाटते. म्हणून निंबर्ग्यात जे झालं ते आता पूर्ण लिहिते.

आधी फाईलचं. मामा, चूक तुमच्या कानांची नाही. दोन पात्यांना एक नाव मी दिलं. त्यांना मेल्यावर उठायला मी सांगितलं. तुम्ही किटकॅटचं विचारलंत तेव्हा मी कल्लप्पा मेस्त्रींची थट्टा केली. तुमच्या पत्रातला तोच एक प्रश्न कामाचा होता. आणि खरं म्हणजे वेल गुंतली तर पातं का मरतं हे मी शोधायला हवं होतं. ते शोधायला वेळ लागला असता, उठवायला एक शब्द पुरला. मला १८ तारीख दिसत होती.

मी पात्यांपुढचा तो शब्द काढून टाकला. डोळा मेला तर उठू दे, चाक पण नको, पातं तर कधीच नको. पातं मेलं की मेलेलंच राहील. आणि बॅटरीच्या तारेत एक चावी बसवली. ती काढली की काहीही उठू शकत नाही.

सरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पल्लवी, त्या एका दिवसापुरतं राहू दे. तिथं कुणी हात घालणार नाही, आपण दोरी बांधू." वाईट माणूस नाही तो, त्यालाही सहा यंत्रं हवी होती. मी म्हणाले, मग फाईल तुम्ही लिहा. त्यांनी लिहिली नाही.

रविवारी निंबर्ग्याला पन्नास-साठ माणसं होती. पाऊण एकर असं चाललं की गुरुलिंगअण्णा कानडीत शेजाऱ्याला सांगत होते, आता बैल विकायला हरकत नाही. मग बांधाजवळ वेल होती. डावं पातं गुंतलं, मेलं, आणि यंत्र उभं राहिलं.

सर माझ्याकडे बघत होते. सगळ्यांना वाटलं, काहीतरी होईल. मला माहीत होतं, काही होणार नाही. मी चालत गेले, चावी काढली, खिशात टाकली, वेल हातानं काढली. मामी, मी तिथं गुडघ्यावर बसले आणि तू कशी वाकली असशील ते मला दिसलं. मग उठून मी सगळ्यांना सांगितलं. मराठीत सांगितलं, जमेल तेवढं कानडीत सांगितलं. मागच्या महिन्यात याच पात्यात माझ्या मामीची दोन बोटं गेली, म्हणून हे आता आपोआप उठत नाही.

त्यांनी यंत्रं घेतली नाहीत. जाताना एक म्हातारे गृहस्थ, कानडीत धाकट्या बहिणीला हाक मारतात तसं, म्हणाले, "तंगी, खरं सांगितलं, बरं केलं. पण आता ह्याला कोण हात लावल?" ते बरोबरच बोलले.

काम बंद झालं. सरांनी मला कॅमेऱ्याच्या दुसऱ्या कामावर घातलं आहे. यंत्र ऑफिसच्या मागच्या पत्र्याखाली उभं आहे, भंगारात देऊ म्हणतात. मी मागितलं तर मला देतील. पण ठेवू कुठं? तुमच्या शेडमध्ये ठेवू का, हे विचारायचं तोंड मला नाही. तरी विचारते. नको म्हणालात तर मी समजेन.

मामा, तुम्ही घड्याळ समोर ठेवून बसू नका.

पल्लवी


मुडबी
२७ ऑगस्ट

पल्लू,

हे पत्र मी लिहायलेय, सुमनमामी. डाव्या हातानं. चौथीपर्यंतच शाळा झाली, आणि ती पण उजव्या हातानं. अक्षर लागलं न्हाई तर शिवय्याकडून वाचून घे. न्हाई, त्याच्याकडून नको, तो गावभर करंल.

तुझी सगळी पत्रं मी वाचली. हे वहीत लपवून ठेवतेत आणि वही उशाखाली ठेवतेत. वाचायला दोन दिवस लागले.

हे म्हणतेत चूक माझ्या कानाची. तू म्हणतीस चूक माझ्या फायलीची. दोघं एकमेकाला पत्रं लिहून लिहून भांडायलात, की माझी चूक, न्हाई माझीच चूक. हात माझा गेला आणि मला कुणी विचारलं न्हाई, की बाई, तू हात कामून घातलीस? एकानंही न्हाई. म्हणून मीच सांगते.

यंत्र इकडं आणून ठेव. भंगारात दिऊ नको. बांधाकडची तूर गवतात बुडायलीय आणि ह्यांची कंबर वाकत न्हाई. चावी बसवलीस ते चांगलं केलीस. आल्यावर ती कशी काढायची ते मला आधी दाखव, ह्यांना मागून. आणि लाल बटण आता माझ्याकडं राहील. हे वही लिहू देत, लिहितेत चांगलं.

हे घड्याळ घेऊन बसायलेत म्हणून मी घड्याळ लपवलंय. तेवढं त्यांना लिहू नको. रात्री झोपेत हाका मारतेत मला. मी इथंच हाय म्हणते, पण ते ऐकू जात न्हाई, मग हात धरते. पट्टी निघालीय. दुखतंय, पण कमी झालंय. पेंडी डाव्या हातानं वळायलेय, वाकडी होते. तशीच पाठवते.

आता हात कामून घातला ते ऐक. ह्यांनी सांगितलं न्हाई म्हणून न्हाई. मी दालमिलवाल्याची बायको हाय. थांबलेल्या यंत्रात हात घालू न्हाई हे मला नवरा करायच्या आधीपासून ठाऊक हाय, माझा बाप कापसाच्या जिनिंगला होता. मी हातात काठी घेतली होती त्या दिवशी. खरंच घेतली होती. मग बघितलं, तुझी ती निळी रिबिन बांधलीय यंत्राच्या कानाला, तूच बांधलीस न्हाई का. काठीनं ओरबाडलं तर पोरीचं यंत्र खराब होईल म्हणून काठी खाली ठेवली आणि हातानं हळू काढायला गेले.

तर पुढचं यंत्र करशील तेव्हा हे धरूनच कर. लोकांना यंत्राचं काही कळत न्हाई म्हणून हात घालतेत असं समजू नको. मला कळत होतं. परक्याच्या यंत्रात मी कधीच हात घातला नसता.

तुझी मामी